इरी सरोवर : एका अपुऱ्या प्रायश्चित्ताचा इतिहास

२ ऑगस्ट २०१४ रोजी पहाटे अमेरिकेच्या ओहायो राज्यातील टोलेडो शहरात नागरिकांना सूचना देण्यात आली, की नळाचे पाणी पिऊ नये. ते उकळूनही पिऊ नये. कारण उकळल्याने त्यातील विष नाहीसे होत नाही, पाणी आटून विषाचे प्रमाण उलट वाढते. शहर व परिसरातील चार लाखांहून अधिक लोकांना दोन दिवस बाटलीबंद पाण्यावर काढावे लागले. ज्या शहराच्या दारात गोड्या पाण्याचे एवढे मोठे सरोवर आहे, त्याच्यावर ही वेळ का यावी, असा प्रश्न आमच्या मनात आला आणि आम्ही त्या सरोवराची कहाणी मुळापासून वाचावयास घेतली.

अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील पाच महासरोवरांपैकी इरी हे सर्वांत उथळ व सर्वांत दक्षिणेकडचे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर असले, तरी सरासरी खोली केवळ १९ मीटर आहे. पश्चिम भागात तर ती याहून पुष्कळ कमी आहे. याच पश्चिम टोकाला मॉमी नदी त्यास मिळते. नदीच्या खोऱ्यात एकेकाळी 'ग्रेट ब्लॅक स्वॅम्प' नावाची विस्तीर्ण दलदल होती. वाहत येणारे पाणी ती थोपवून धरी आणि गाळ आपल्यातच जिरवी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसाहतकऱ्यांनी चर खणून व जमिनीखाली नळ्या घालून ती आटविली. तेथे सुपीक शेते उभी राहिली. त्या कष्टाळू माणसांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु सरोवराचे गाळणे त्यांच्या हातून नाहीसे झाले, हे खरे.

विसाव्या शतकात काठावरची शहरे वाढली. त्यांचे सांडपाणी आणि कपडे धुण्याच्या पावडरींतील फॉस्फेट सरोवरात जाऊ लागले. फॉस्फरस हे वनस्पतींचे अन्न होय. ते अतोनात मिळाल्याने शेवाळ माजले. मेल्यावर ते तळाशी जाऊन कुजू लागले आणि पाण्यातील प्राणवायू संपून मासे गुदमरू लागले. १९६० च्या दशकात 'इरी सरोवर मेले' असे लोक उघड बोलू लागले. खरा दोषी फॉस्फरसच काय, यावर त्या काळी मोठा वाद होता. कॅनडातील शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली ऑन्टारिओतील एका लहान तळ्यात मधोमध पडदा लावला. एका बाजूस त्यांनी कार्बन व नायट्रोजन घातले. दुसऱ्या बाजूस त्यांच्या जोडीला फॉस्फरसही. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली, दुसरी स्वच्छ राहिली. वादाचा निकाल तळ्यानेच दिला.

१५ एप्रिल १९७२ रोजी दोन्ही देशांनी महासरोवरांच्या शुद्धतेचा करार केला. पुढे १९७८ साली इरीमध्ये वर्षाकाठी ११,००० टनांहून अधिक फॉस्फरस जाऊ नये, अशी मर्यादा ठरली. पूर्वी याच्या दुपटीहून अधिक जात असे. सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे बांधण्यात आली, धुण्याच्या पावडरींतील फॉस्फेटवर बंधने आली, आणि १९८० च्या दशकात पाणी निवळले, मासळी परतली. एवढे मोठे सरोवर माणसाने आजारी पाडले आणि माणसानेच बरे केले, याचा तेव्हा सर्वांना अभिमान वाटला.

परंतु १९९० च्या दशकाच्या मध्यापासून शेवाळ पुन्हा दिसू लागले. आता दोष मुख्यतः शहरांच्या गटारांचा नव्हता. शेतांवर पसरलेले खत पावसाबरोबर त्याच जुन्या जमिनीखालच्या नळ्यांतून नदीत येत होते. त्यातच हवामान बदलले. वसंत ऋतूतील मुसळधार पाऊस वाढला आणि उन्हाळ्यात पाणी अधिक तापू लागले. विषारी नील-हरित शेवाळाला ऊबच मानवते. २०११ च्या वसंतात अतिवृष्टी झाली आणि तोवरचे सर्वांत मोठे शेवाळ माजले. २०१२ साली अवर्षण पडले, तेव्हा ते अगदी थोडे आले. २०१५ साली पुन्हा मोठा पाऊस झाला व २०११ चा उच्चांकही मोडला. १९७८ ची मर्यादा त्या काळच्या पावसाला व उष्म्याला धरून आखलेली होती. आता ती पुरेना. म्हणून २०१६ साली दोन्ही देशांनी २००८ च्या तुलनेत फॉस्फरस आणखी ४० टक्के घटविण्याचे ठरविले. ओहायो राज्य आता नव्याने पाणथळ जागाही निर्माण करीत आहे. पूर्वजांनी जे आटविले, त्याचा काही अंश वंशज परत भरीत आहेत.

आम्ही धर्मगुरू प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्ताप, पापकबुली व भरपाई या तिन्ही गोष्टींची शिकवण देतो. यांतील भरपाई आपण सहसा एका प्रार्थनेत उरकतो. क्षमा तत्काळ मिळते. परंतु झालेली हानी तत्काळ भरून निघत नाही. सरोवराच्या तळच्या गाळात साठलेला फॉस्फरस वरून येणारा थांबविल्यावरही वर्षानुवर्षे पाण्यात मिसळत राहतो. शुभवर्तमानातील जक्कयाने घेतले तेवढेच परत करण्याचे म्हटले नाही. चौपट देण्याची तयारी दाखविली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात ज्या पर्यावरणीय मनपरिवर्तनाचे आवाहन केले, त्याचा अर्थ इरीच्या इतिहासावरून आम्हास अधिक स्पष्ट झाला. तापत्या पृथ्वीवर कालची भरपाई आज अपुरी पडते.

टोलेडोतील ज्या मातांना त्या सकाळी लेकरांसाठी नळाचे पाणी घेता आले नाही, त्यांतील बहुतेकींनी ना दलदल आटविली होती, ना शेतात खत टाकले होते. एकाच्या निष्काळजीपणाचे फळ दुसऱ्याच्या ओंजळीत पडते. प्रिय वाचकहो, आपल्या गावचे तळे एकदा गाळ काढून स्वच्छ झाले, म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे आपण समजू नये. त्यात रोज काय जाते, याची चौकशी प्रत्येक कुटुंबाने आपल्या मोरीपासून व आपल्या वाडीपासून सुरू करावी, एवढीच आमची विनंती.