बेभरवशाच्या शक्तीचा सौदा

वाहून गेलेले पाणी, न वापरलेली वीज आणि रिकामा राहिलेला संगणक यांची किंमत तो क्षण टळल्यावर मालकाला मिळत नाही. म्हणून ती शक्ती पडत्या भावात देऊन टाकणे त्याला परवडते. मात्र आपल्याला किंवा पूर्ण दर मोजणाऱ्या ग्राहकाला गरज भासताच ती मध्येच काढून घेण्याचा हक्क तो स्वतःकडे राखून ठेवतो. क्लाउड संगणनात, म्हणजे दूरच्या केंद्रातील संगणक इंटरनेटवरून तासाच्या किंवा सेकंदाच्या दराने भाड्याने घेण्याच्या व्यवहारात, हा सौदा 'स्पॉट' या नावाने गेल्या दीड दशकात रूढ झाला असला, तरी बेळगाव जिल्ह्याने त्याची तत्त्वे संगणक येण्याच्या कितीतरी आधी पाण्यावर आणि विजेवर अनुभवली आहेत.

घटप्रभा नदी गोकाकजवळ सुमारे 52 मीटर खाली कोसळते, आणि त्या पडणाऱ्या पाण्यावर यंत्रे चालवण्यासाठी 1885 मध्ये तेथे जलशक्तीवर आधारलेली सूतगिरणीची कंपनी स्थापन झाली; 1887 मध्ये याच ठिकाणी पाण्यापासून वीज निर्माण झाली असे मानले जाते आणि भारतातील अगदी आरंभीच्या जलविद्युत प्रयत्नांत गोकाकचे नाव घेतले जाते. कोळशाच्या खाणींपासून दूर असलेल्या या मुलखात फुकट पडणारे पाणी हे मोठेच आकर्षण होते, पण ते पाणी सह्याद्रीतील पावसाचे असल्यामुळे आषाढ-श्रावणात दुथडी भरून वाहणारी नदी चैत्र-वैशाखात क्षीण होत असे. धबधब्याच्या वरच्या अंगाला धुपदाळ येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंधारा उभा राहिला आणि बऱ्याच काळानंतर, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, हिडकल येथे मोठे धरण झाले. परंतु साठा म्हटला की वाटेकरी आले, आणि कालव्याचे पाणी व धबधब्याचे पाणी एकाच नदीतून काढावे लागते. स्वस्त शक्ती बेभरवशाची असेल तर तिला भरवशाची करण्याचा खर्च कोणाला तरी उचलावा लागतो, ही गोष्ट गोकाकच्या या बांधकामांत शब्दशः दगडचुन्यात दिसते.

चिकोडी आणि निपाणी या भागांत हीच गोष्ट विजेच्या रूपाने शेताच्या बांधावर आली. वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा यांच्या काठांवर ऊस वाढत गेला तसे पाणी उपसणारे विद्युत पंपही वाढले. कर्नाटकात 2008 पासून दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज विनामूल्य मिळू लागली, परंतु पंपाला लागणारा थ्री फेज पुरवठा, म्हणजे तीन तारांतून येणारी पूर्ण ताकदीची वीज, दिवसातले मोजकेच तास, आणि पुष्कळदा रात्री, मिळतो. शहरांचा आणि कारखान्यांचा भार उतरलेल्या वेळी उरलेली वीज शेताकडे वळवायची, हे वितरण कंपन्यांच्या दृष्टीने सयुक्तिक असले, तरी त्याची किंमत शेतकरी जागरणाने आणि अंधारात साप-विंचवाची भीती बाळगून भरत असतो, आणि ती किंमत कोणत्याही वीजबिलावर छापलेली नसते. वारंवार जाणाऱ्या विजेवर शेतकऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे ऑटो स्टार्टर: वीज परत येताच माणसाच्या हाताशिवाय मोटर सुरू करणारे छोटे उपकरण. त्यामुळे कुणालाही शेतावर जाऊन बसावे लागत नाही, पण वीज येण्याच्या एकाच क्षणी फीडरवरच्या, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीवरच्या, सगळ्या मोटरी एकदम उठतात, त्यांचा आरंभीचा प्रवाह नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट असतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. प्रत्येकाचा वैयक्तिक शहाणपणा एकत्र येऊन सर्वांचे नुकसान करतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

बेळगावच्या ओतकाम उद्योगात मात्र हिशेब वेगळा पडतो. विजेच्या भट्टीत वितळलेले लोखंड वीज गेल्यावर थंड होऊन गोठले, तर भट्टीचे अस्तर आणि माल दोन्ही धोक्यात येतात. म्हणून फाउंड्री वेळेनुसार बदलणाऱ्या दरांत रात्रीची सवलत आनंदाने घेते, पण मध्येच तुटणारी वीज फुकट मिळाली तरी तिला ती नको असते. साचे तयार करणे, रेती चाळणे ही कामे थांबवून पुन्हा सुरू करता येतात, वितळणीचे तसे नाही. कोणते काम थांबू शकते आणि कोणते नाही, हा भेदच या सौद्याचा पाया आहे.

क्लाउडवरच्या 'स्पॉट' सौद्याकडे वळायचे तर, ॲमेझॉनने आपले भाड्याचे संगणक 2006 मध्ये बाजारात आणले आणि डिसेंबर 2009 मध्ये त्यातील शिल्लक क्षमता बोलीने विकण्यास प्रारंभ केला. ग्राहकाने आपला कमाल भाव सांगायचा, आणि बाजारभाव त्याहून वर गेला की त्याचे यंत्र काढून घेतले जायचे. 2015 मध्ये यंत्र परत घेण्यापूर्वी दोन मिनिटांची सूचना देण्याची सोय झाली, आणि 2017 च्या अखेरीस बोलीची गरज उरली नाही. भाव मागणी-पुरवठ्याच्या दीर्घ कलानुसार सावकाश बदलू लागला. गूगलने 2015 मध्ये काढलेली अशीच यंत्रे जास्तीत जास्त 24 तास चालत आणि काढून घेण्याआधी अवघी 30 सेकंद देत. नेहमीच्या दरापेक्षा 90 टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते, अशी जाहिरात हे विक्रेते करतात. ॲमेझॉनचे मुंबईतील केंद्र 2016 पासून चालू असल्यामुळे सीमाभागातील लहान व्यावसायिकालाही ही यंत्रे जवळच्या केंद्रातून घेता येतात.

अशा यंत्रावर चालणाऱ्या कार्यक्रमाने आपली प्रगती ठराविक अंतराने बाहेरच्या कायम साठ्यात नोंदवायची असते, ज्यामुळे यंत्र गेले तरी नवे यंत्र त्या नोंदीपासून पुढे काम सुरू करते. चित्रफितींचे रूपांतर, गणिती मॉडेलांचे प्रशिक्षण, मोठ्या माहितीचे रात्रीचे पृथक्करण ही कामे या पद्धतीला मानवतात, कारण त्यांचे लहान तुकडे पाडून ते रांगेत ठेवता येतात. ग्राहकांचे व्यवहार सतत नोंदवणारा मुख्य डेटाबेस मात्र फाउंड्रीतील वितळलेल्या लोखंडाच्या जातीचा आहे. ऑटो स्टार्टरचा धडाही येथे लागू पडतो: एकाच आकाराची यंत्रे एकाच केंद्रात मागणाऱ्या सर्वांची क्षमता एकाच वेळी आटते आणि सर्वजण एकदमच पर्यायी यंत्रांकडे धावतात, म्हणून वेगवेगळ्या आकारांची यंत्रे वेगवेगळ्या विभागांत विभागून घेणे आणि थोडा भाग पूर्ण दराच्या यंत्रांवर ठेवणे, हेच हिताचे ठरते.

शेतकरी आणि संगणक-व्यावसायिक यांच्यातील फरक एवढाच की दुसऱ्याने हा सौदा स्वतः निवडलेला असतो, तर पहिल्याला बहुधा तो पत्करावा लागतो. ज्यांना निवडीची मोकळीक आहे त्यांनी तरी ताशी दराखाली छापलेल्या सवलतीवर न थांबता पुन्हा करावे लागलेले काम, नोंदींचा साठा, आणि यंत्रणेची मांडणी बदलण्यात गेलेले मनुष्यतास यांचा हिशेब आधी मांडावा, आणि तो मांडूनही काम स्वस्त पडत असेल, तरच हा सौदा करावा.