पाच मायक्रॉनचा बग

2020 साली मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. मेकॅनिकल. (आता दिवसभर जावा लिहितो, ती कहाणी पुन्हा कधीतरी.) प्रोजेक्ट होता डिझेल इंजेक्टरच्या स्प्रेवर: इंधनाचा थेंब किती लांब जातो आणि किती वेळात उडून जातो. मार्चमध्ये कॉलेज बंद झालं. खाली वाण्याच्या दुकानासमोर चुन्याचे गोल आखले गेले, आई भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवायला लागली, आणि आजोबांच्या खोलीची खिडकी आम्ही घट्ट लावून घेतली. बाहेरचं काही आत यायला नको! पुढे घरात एकाला ताप आला आणि आठवड्यात पाचही जण आडवे.

खोकल्याचा थेंबही थेंबच असतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. दिवसभर थेंबांचीच गणितं करत होतो, तरीही. गंमत म्हणजे हे गणित एका माणसाने 1934 मध्येच करून ठेवलं होतं.

त्याआधी थोडं गणित. घाबरू नका, दोनच ओळी आहेत :)

स्थिर हवेतला थेंब कसा वाळतो, याचा पाया मॅक्सवेलने 1877 मध्ये घातला. त्यातून निघणारा नियम असा की थेंब पूर्ण वाळायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा केला की वेळ पाव. (जळत्या इंधनाच्या थेंबांसाठी हेच 1953 च्या सुमारास गॉडसेव्ह आणि स्पाल्डिंग यांनी मांडलं. माझा प्रोजेक्ट त्याच नियमावर उभा होता.) दुसरी ओळ स्टोक्सची. छोट्या थेंबाचा पडायचा वेगही व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे व्यास निम्मा केला की जमिनीवर पोचायला चौपट वेळ.

आता विल्यम फर्थ वेल्स. हा हार्वर्डच्या स्कूल ऑफ पब्लिक हेल्थमध्ये होता. त्याने या दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढल्या आणि विचारलं, माणसाच्या उंचीवरून सुटलेला थेंब आधी जमिनीवर पडेल की आधी वाळेल? रेषा साधारण 100 मायक्रॉनला एकमेकींना छेदतात. त्याहून मोठा थेंब सात-आठ सेकंदांच्या आत जमिनीवर. त्याहून लहान थेंब वाटेतच वाळतो, आणि मागे उरलेला कण, जंतूंसकट, हवेत तरंगत राहतो. एक हिशोब करून बघा. 5 मायक्रॉनच्या कणाला बंद खोलीतल्या शांत हवेत दोन मीटर खाली यायला पाऊण तास लागतो.

पण त्या काळातल्या सार्वजनिक आरोग्यवाल्यांना हे पटणं अवघड होतं. 1910 मध्ये चार्ल्स चॅपिनचं पुस्तक आलं होतं आणि त्याचा भर स्पर्शावर आणि अगदी जवळच्या संपर्कावर होता. दूषित हवेने रोग होतात ही जुनी समजूत मोठ्या कष्टाने मोडून काढलेली, तिला मागच्या दाराने कोण घरात घेणार? वेल्सने आणि त्याची डॉक्टर बायको मिल्ड्रेडने फिलाडेल्फियाजवळच्या शाळांमध्ये वर्गाच्या वरच्या भागात अतिनील दिवे लावले. 1941 च्या साथीत त्या वर्गांमध्ये गोवर कमी पसरला. पण इतरत्र झालेल्या पुढच्या प्रयोगांत तसं स्पष्ट यश आलं नाही. मग 1950 च्या दशकात रिचर्ड रायलीबरोबर बाल्टिमोरच्या एका हॉस्पिटलात क्षयाच्या वॉर्डची हवा वरच्या मजल्यावरच्या गिनी पिग्जपर्यंत नेली. त्यांना क्षय झाला. तीच हवा अतिनील प्रकाशातून नेली, तेव्हा झाला नाही. 1963 मध्ये वेल्स वारला. क्षय हवेतून पसरतो हे मान्य झालं, पण जणू फक्त क्षयापुरतं.

इथे बग शिरला. क्षयाचा जंतू फुप्फुसात अगदी खोल पोचावा लागतो, आणि तिथवर 5 मायक्रॉनहून लहान कणच सहज जातात. म्हणजे आकडे दोन होते. 100 हा "तरंगतो की पडतो" याचा आणि 5 हा "किती खोल जातो" याचा. व्हर्जिनिया टेकमधली संशोधक केटी रँडल आणि लिन्सी मार यांनी जुने कागद उपसून दाखवलं की पुढच्या काही दशकांत या दोघांची गल्लत झाली. "5 मायक्रॉनहून मोठं ते पटकन खाली पडतं" असं मार्गदर्शक सूचनांमध्ये छापलं जाऊ लागलं.

आपल्या कोडमध्ये असतात ना असे आकडे? कोणी लिहिला माहीत नाही, कॉमेंट नाही, पण काढायची हिंमत कोणाची होत नाही. फक्त हा प्रॉडक्शनमध्ये होता, अख्ख्या जगाच्या.

10 मार्च 2020 ला वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या सरावाला 61 जण जमले. अडीच तास गायले. त्यातल्या 53 जणांना कोविड झाला किंवा झाल्याची दाट शक्यता होती. दोघे गेले. त्यानंतर, 28 मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की कोविड हवेतून पसरत नाही. जुलैमध्ये 239 शास्त्रज्ञांनी हवेचा मुद्दा लावून धरणारं आवाहन केलं, एप्रिल 2021 मध्ये संघटनेने आपली भाषा बदलली, आणि 2024 मध्ये थेंब आणि एरोसोल यांच्यातली ती सीमारेषाच सोडून दिली.

वेल्सचा आलेखही शेवटचा शब्द नाहीच. एमआयटीच्या लिडिया बुरुइबा यांनी दाखवलं की शिंक म्हणजे दमट हवेचा एक अख्खा ढग असतो आणि तो थेंबांना सात-आठ मीटरपर्यंत नेऊ शकतो. दमट हवेत थेंब वाळतातही हळू. पण निदान त्याच्या मॉडेलमध्ये कोणता आकडा कुठून आला, ते लिहिलेलं होतं.

असो. आजोबा त्यातून बरे झाले, आता ठणठणीत आहेत. त्यांच्या खोलीची खिडकी आता उघडी असते. मध्ये मी त्यांना वेल्सची सगळी गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे तेव्हा उघडायला हवी होती?"

हो आजोबा. तेव्हाच.