खंडणीची बनावट चिठ्ठी : न्हावा-शेवा, २७ जून २०१७

मंडळी, आजचा थ्रेड आपल्या नेहमीच्या कालखंडाबाहेरचा आहे. जिल्हा मात्र आपलाच.

महाड हे एके काळी बंदर होते, हे आज सांगूनही पटत नाही. बाणकोटच्या खाडीतून सावित्रीच्या पात्राने गलबते वर येत आणि माल पोलादपूरवरून पारघाटाने देशावर चढे. ते बंदर गेले. आज महाडच्या औद्योगिक वसाहतीतला निर्यातीचा माल कंटेनरमधून याच रायगड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, उरण तालुक्यातील न्हावा-शेव्याला जातो. २७ जून २०१७ रोजी तेथील एका टर्मिनलचे संगणक अचानक निकामी झाले.

टर्मिनलचे नाव गेटवे टर्मिनल्स इंडिया, चालक डेन्मार्कचा मर्स्क समूह. घाव घातला गेला होता युक्रेनवर. तेथे करांच्या हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या 'एम.ई.डॉक' या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये कोणीतरी घातक कोड दडवला होता. तो 'नॉटपेट्या' या नावाने ओळखला जातो. काही तासांत तो जगभर पसरला. मर्स्कला पुढे सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. कंपनीच्या साऱ्या जाळ्याचा नकाशा सांभाळणाऱ्या सर्व्हरची एकच प्रत शाबूत राहिली, ती घानामध्ये. कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती. (पोलादपूरच्या पावसाळ्यात वाढलेल्या माणसाला वीज जाण्याचा असा उपकार प्रथमच ऐकायला मिळाला.)

आता मूळ साधनाकडे वळू. निकामी संगणकांच्या पडद्यावर एक चिठ्ठी उमटली होती : तुमच्या फायली कुलूपबंद झाल्या आहेत, ३०० डॉलरचे बिटकॉइन पाठवा, खाली दिलेला ओळखक्रमांक ईमेलने कळवा, किल्ली मिळेल.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थबकावे. वतनांच्या भांडणांत बनावट महजर आणि सनदा बेमालूम तयार होत, हे आपण जाणतो. म्हणून कागद स्वतःविषयी काय सांगतो, याआधी तो कोणी, कशासाठी, कसा घडवला हे आपण पाहतो. नेमके हेच काम मालवेअर विश्लेषक करतो. फरक इतकाच की त्याच्यासमोरचा कागद जिवंत असतो आणि वाचणाऱ्यालाच चावू शकतो.

त्यामुळे या विद्येचे शिक्षण सावधगिरीने सुरू होते. नमुना आधी जाळ्यापासून तोडलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये कोंडायचा. तेथे तो चालू करून कोणत्या फायलींना हात लावतो, कोणाशी बोलू पाहतो, याची नोंद ठेवायची. मग डिसअसेम्बलरच्या साहाय्याने तो न चालवता वाचायचा. हे वाचन मोडी शिकण्यासारखे आहे. सुरुवातीला सलग, अर्थहीन रेघा; मग एखादे वळण ओळखीचे होते, आणि एके दिवशी अख्खी ओळ बोलू लागते. लेखकाने कोड आवळून गुंडाळलेला असेल, तर आधी ते वेष्टन सोडवावे लागते. यालाच रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात.

या वाचनातून नॉटपेट्याचे काय निघाले? दुसऱ्याच दिवशी, २८ जूनला, कॅस्परस्कीच्या विश्लेषकांनी जाहीर केले की चिठ्ठीतला ओळखक्रमांक केवळ वाटेल तसे जुळवलेले आकडे आणि अक्षरे होती. २०१६ च्या मूळ 'पेट्या'मध्ये त्या क्रमांकातच किल्लीचा माग दडलेला असे. येथे क्रमांकाचा किल्लीशी काही संबंधच नव्हता. म्हणजे पैसे भरले तरी डिस्क उघडून देणे हल्लेखोरालाही शक्य नव्हते. चिठ्ठी खंडणीची होती, हेतू विध्वंसाचा. ज्यांनी तोवर पैसे पाठवले, ते चिठ्ठीचा मजकूर खरा मानून फसले.

हा निष्कर्ष नसता, तर उद्याच्या इतिहासात ही घटना साध्या लुटारूंच्या खाती जमा झाली असती. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने रशियन लष्करावर जाहीर ठपका ठेवला. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले. रशियाने आरोप नाकारले आहेत.

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. १९९० च्या दशकात रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात संगणक दुरुस्त करीत, तेव्हा गिऱ्हाइकांच्या यंत्रांतील विषाणूंवर त्यांचे बंधू संजय यांनी उतारे लिहिले. त्यातूनच 'क्विक हील' उभे राहिले. तेव्हा प्रमाणपत्रे नव्हती. आज जीआयएसी या संस्थेचे 'जीआरईएम' प्रमाणपत्र या क्षेत्रात मानाचे समजतात, पण त्याच्या अधिकृत प्रशिक्षणाचा खर्च लाखांत जातो. पोलादपूरच्या मुलाला तो कसा परवडावा? साधने तरी सुदैवाने मोकळी झाली आहेत. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या एनएसएने 'घिड्रा' हे आपले विश्लेषणाचे साधन सर्वांना विनामूल्य दिले. याच एनएसएकडून निसटलेले 'इटर्नलब्लू' हे हत्यार नॉटपेट्याने वापरले होते!

माझा एक शाळूसोबती सध्या या परीक्षेच्या तयारीत आहे. परीक्षेला छापील पुस्तके आणि स्वतःच्या टिपा सोबत नेता येतात. म्हणून तो महिनाभर एकच काम करतो आहे : हजारभर पानांची अकारविल्हे सूची. वेळ मोजका असतो, पान चटकन सापडले पाहिजे. मी त्याला विचारले, एवढे कष्ट कशाला? त्याने माझ्या टेबलावरच्या दफ्तर-सूचीकडे बोट दाखवले आणि पुन्हा लिहू लागला.