दोन स्प्रिंगा, सहा पाती

‘स्विस आर्मी नाइफ’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच वस्तू उभी राहते. लाल मूठ, तिच्यावर पांढरा क्रूस, आणि नखाने ओढून बाहेर काढायची अर्धा-एक डझन अवजारे. सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या सॅकमध्ये, परदेशाहून आलेल्या पाहुण्याने दिलेल्या भेटींमध्ये, कुणाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात ती हमखास सापडते. या वस्तूचा इतिहास पाहू लागले की नावातला एकेक शब्द तपासून घ्यावा लागतो. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाकूची पहिली खेप स्वित्झर्लंडमध्ये बनलेली नव्हती. जगाला माहीत असलेला लाल चाकू सैन्याने सैनिकांना वाटलेला नव्हता. आणि सैन्याला जे हवे होते, त्यात चाकू हे चारांतले एक काम होते.

या तपासणीमागे एक प्रश्न आहे. खिशातला चाकू हे अवजार की शस्त्र? मराठीत ही फोड पूर्वी फारशी करावी लागली नाही. सुताराच्या पेटीत असतात तीही ‘हत्यारे’ आणि शिपायाच्या हातात असते तेही ‘हत्यार’. खंडेनवमीला तलवारीशेजारी वाकस आणि करवतही पूजेला मांडतात. आजच्या कायद्याला मात्र ही फोड करावीच लागते. त्यासाठी कायदा ज्या खुणा शोधतो, त्यांतल्या काही या चाकूच्या घडणीत पहिल्यापासून आहेत.

आधीची घराणी

अनेक अवजारे एका मुठीत घडी करून ठेवण्याची कल्पना स्विस नाही. केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातले एक रोमन साधन आहे. चांदी आणि लोखंडाच्या या वस्तूत चमचा, काटा, पाते, टोकदार सळई, कालथ्यासारखी पट्टी आणि दातकोरणे अशी सारी मंडळी एकत्र दुमडलेली आहेत. प्रवासात जेवणाची सोय खिशात बाळगणाऱ्या एखाद्या सधन माणसाची ती वस्तू असावी. आपल्याकडेही कानकोरणे, दातकोरणे आणि चिमटा एका कडीत ओवून जवळ ठेवण्याची रीत होतीच. गुरखा सैनिकाच्या खुकरीच्या म्यानात आणखी दोन लहान पाती असतात. ‘कर्दा’ बारीक कापाकापीसाठी आणि ‘चकमक’ धार लावायला किंवा ठिणगी पाडायला.

एकोणिसाव्या शतकात या प्रकाराची राजधानी इंग्लंडमधले शेफील्ड होती. १८५१ साली लंडनला भरलेल्या महाप्रदर्शनासाठी तिथल्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या पेढीने ‘नॉरफोक नाइफ’ घडवला, त्याला ७५ पाती होती. वापरासाठी तो नव्हताच, तो कारागिरांचा डौल होता. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘मोबी डिक’ या कादंबरीत हर्मन मेलव्हिलने जहाजावरच्या सर्वकामी सुताराला शेफील्डच्या बहुपाती चाकूची उपमा दिली आहे. म्हणजे स्विस चाकू जन्माला येण्याच्या चाळीस वर्षे आधी ही वस्तू साहित्यात उपमा म्हणून चालण्याइतकी ओळखीची झाली होती. मग स्विस चाकूने नवे काय केले?

डबा आणि बंदूक

त्याची सुरुवात दोन गरजांतून झाली. पहिली गरज पत्र्याच्या डब्याची. डबाबंद अन्नाचे पेटंट पीटर ड्युरँड याने इंग्लंडमध्ये १८१० साली घेतले. डबे मात्र जाड पत्र्याचे, आणि ते फोडायला छिन्नी-हातोडा लागे. डबा उघडण्याच्या खास साधनांची पेटंटे १८५० च्या दशकात निघाली. डबा आला आणि त्याची किल्ली यायला चार-पाच दशके गेली! सैन्याच्या शिध्यात डबे आल्यावर प्रत्येक शिपायाला ही किल्ली हवी होती.

दुसरी गरज बंदुकीची. स्विस सैन्याने १८८९ साली श्मिट-रुबिन ही नवी रायफल स्वीकारली. ती खोलून साफ करायला पेचकस लागे. शिपायाजवळ डबा उघडायचे एक, पेचकस दुसरा, चाकू तिसरा असे सुटे नग देण्यापेक्षा सारे एकत्र द्यावे, असे ठरले. ‘मॉडेल १८९०’ या नावाने जो चाकू मुक्रर झाला, त्यात एक मोठे पाते, डबा उघडायचे पाते, पेचकस आणि चामडे-कापडाला भोक पाडायची आरी, अशी चार अवजारे होती. मूठ काळपट ओक लाकडाची होती. ना लाल रंग, ना क्रूस.

इथे स्विस सैन्याचे स्वरूप ध्यानात घ्यायला हवे. ते मुख्यतः नागरिकांचे सैन्य. शेतकरी, सुतार, कारकून ठरावीक दिवस प्रशिक्षणाला जातो आणि सरंजाम घेऊन घरी परततो. त्यामुळे सैनिकाचा चाकू पुढे गोठ्यात, बागेत, डोंगरात वापरला गेला. सैन्य आणि घर यांच्यात भिंत नव्हती, म्हणून अवजारही दोन्हीकडे नांदले.

इबाखचा कारागीर

या पहिल्या चाकूची १५,००० नगांची मागणी मात्र जर्मनीत, झोलिंगेनच्या वेस्टर अँड कंपनीकडे गेली. एवढे उत्पादन करू शकेल असा कारखानाच स्वित्झर्लंडमध्ये नव्हता. १८९१ च्या ऑक्टोबरात माल पोहोचला. स्वतःच्या सैनिकाच्या खिशातला चाकू परदेशातून यावा, ही गोष्ट एका कारागिराला खटकली. त्याचे नाव कार्ल एल्सनर.

एल्सनरचा जन्म १८६० चा. चाकू घडवण्याचे काम त्सुग इथे शिकून, पॅरिस आणि टुटलिंगेन इथे अनुभव घेऊन त्याने १८८४ साली श्विट्स परगण्यातल्या इबाख गावी स्वतःची कार्यशाळा काढली. त्या काळचे स्वित्झर्लंड आजच्यासारखे श्रीमंत नव्हते. डोंगराळ भागातली तरुण माणसे पोटासाठी अमेरिकेची वाट धरत. गावातच काम निर्माण व्हावे, ही एल्सनरची धडपड होती. देशातल्या इतर चाकू-कारागिरांना एकत्र आणून त्याने संघ काढला आणि १८९१ च्या अखेरीस सैनिकी चाकू बनवायला घेतले. झोलिंगेनचे कारखाने तोच माल स्वस्तात देत होते. एल्सनरला तोटा होऊ लागला आणि त्याचे दिवाळे निघण्याची वेळ आली.

त्याला तारले ते स्प्रिंगेने. घडीच्या चाकूत मुठीच्या पाठीला पोलादाची एक पट्टी असते. तीच स्प्रिंग. पात्याच्या बुडाशी ती दाबून बसते, म्हणून पाते उघडे असताना उघडे राहते आणि मिटले की मिटलेले. प्रत्येक पात्याला वेगळी स्प्रिंग दिली तर मूठ जाड होते आणि चाकू जड. १८९६ च्या सुमारास एल्सनरने अशी रचना बसवली, की मुठीच्या दोन्ही अंगांची अवजारे एकाच स्प्रिंगेवर टेकतील. मोठे पाते, लहान पाते, डबा उघडायचे पाते, पेचकस, आरी आणि बाटलीचे बूच काढायचा मळसूत्री स्क्रू अशी सहा अवजारे त्याने केवळ दोन स्प्रिंगांवर बसवली. १२ जून १८९७ रोजी ‘स्विस अधिकारी आणि क्रीडा चाकू’ या नावाने ही रचना नोंदली गेली. शेफील्डच्या ७५ पात्यांचे कौतुक होते, ते संख्येचे. एल्सनरचे श्रेय उलट दिशेचे आहे. किती थोड्या भागांत किती भागते, हा त्याचा प्रश्न होता. खिशात मावणारी वस्तू त्यातूनच झाली.

हा चाकू सैन्याने कधी सैनिकांना वाटला नाही. अधिकारी तो स्वतःच्या पैशाने घेत. बूच काढायचा स्क्रू युद्धसाहित्यात कसा बसावा? जगात ‘आर्मी नाइफ’ म्हणून जो गाजला तो हा. नावातला ‘क्रीडा’ हा शब्द लोक विसरले, पण आजच्या भटक्यांचा चाकू खरे तर त्याच शब्दाचा वारस आहे.

दोन घरे, एक नाव

एल्सनरची आई व्हिक्टोरिया १९०९ साली वारली. तिचे नाव त्याने मालावर घातले. त्याच वर्षी ढालीतला क्रूस त्याची खूण झाला. १९२१ साली न गंजणारे पोलाद वापरात आले. त्याचे फ्रेंच नाव ‘इनॉक्स’ आईच्या नावाला जोडून ‘व्हिक्टोरिनॉक्स’ झाले.

दरम्यान फ्रेंचभाषक ज्युरा भागातल्या दुसऱ्या कारखान्याला १८९३ पासून सैन्याचे काम मिळू लागले होते. हाच पुढचा ‘वेंगर’. जर्मनभाषक श्विट्स आणि फ्रेंचभाषक ज्युरा यांच्यात तक्रारीला जागा नको, म्हणून १९०८ साली सरकारने मागणी निम्मी-निम्मी वाटून दिली. बहुभाषी देश सांभाळायचा तर चाकूच्या कंत्राटातही तोल राखावा लागतो! पुढे एकाने स्वतःला ‘मूळ’ म्हणवले, दुसऱ्याने ‘अस्सल’. २००५ साली व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेईपर्यंत हे चालले.

इंग्रजी नाव दिले ते अमेरिकन सैनिकांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात असलेल्या या शिपायांनी हे चाकू घरी नेले. ‘श्वाइत्सर ऑफित्सियर्समेसर’ हे जर्मन नाव त्यांच्या जिभेला पेलेना. त्यांनी सरळ ‘स्विस आर्मी नाइफ’ केले.

खिशाचा कायदा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या चाकूची पारंपरिक घडण ‘न अडकणारी’ आहे. स्प्रिंग पात्याला धरते, पण कुलूप लावत नाही. उलट बाजूने जोर आला की पाते मिटते आणि बोटावर येते. म्हणून हा चाकू ओढून कापायला आहे, भोसकायला नाही. पोलादालाही कामाप्रमाणे वेगवेगळे पाणी दिलेले असते. रॉकवेल मोजणीत मुख्य पाते ५६, करवत आणि कात्री ५३, पेचकस आणि आरी ५२, स्प्रिंग ४९. पाते धार धरण्यासाठी कडक, स्प्रिंग वाकून परतण्यासाठी मऊ.

ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात नेमका हाच भेद दिसतो. तीन इंचांपर्यंत पात्याचा, घडीचा आणि न अडकणारा खिशातला चाकू कारण न सांगता बाळगता येतो. पाते अडकणारे असेल तर सबळ कारण लागते. जर्मनीत २००८ पासून एका हाताने उघडून अडकणारे चाकू सार्वजनिक जागी बाळगण्यावर निर्बंध आहेत. गंमत अशी, की स्विस सैन्याने त्याच सुमारास निवडलेला नवा सैनिकी चाकू एका हाताने उघडणारा आणि अडकणारा आहे. सरहद्द ओलांडताच त्याच अवजाराचा दर्जा बदलतो.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या १९६२ च्या नियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला शस्त्रांच्या यादीत घातले. घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती मात्र वगळली. इथे मापाबरोबर हेतूही आला, आणि खरी अडचण तिथेच आहे. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. ज्या शब्दाने मराठवाड्यातली हजारो घरे आपली कमाई मोजतात, तोच शब्द गेल्या काही वर्षांत पुण्याच्या गुन्हेवार्तांत ‘कोयता गँग’ म्हणून रूढ झाला. लोखंड तेच आणि लोहारही तोच. फरक धरणाऱ्या हाताचा आहे, आणि हात काही कायद्याच्या फूटपट्टीने मोजता येत नाही.

स्विस चाकूवर ही वेळ ११ सप्टेंबर २००१ नंतर आली. विमानात लहान चाकूही जवळ ठेवायला बंदी झाली. विमानतळांवरची आणि विमानातली विक्री एकदम थांबली. प्रवाशांना भेट म्हणून खपणाऱ्या वस्तूला हा मोठाच तडाखा होता. त्या काळात इबाखच्या कारखान्याने माणसे काढली नाहीत. काही कामगारांना शेजारच्या कंपन्यांत तात्पुरते काम मिळवून दिले, काहींनी साठलेल्या रजा घेतल्या. गावात काम राहावे म्हणून निघालेल्या कार्यशाळेने शंभराहून अधिक वर्षांनी तोच शब्द पाळला. २०१३ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या विमान-सुरक्षा खात्याने सहा सेंटिमीटरपर्यंतचे छोटे चाकू पुन्हा चालतील असे जाहीर केले. विमान कर्मचाऱ्यांचा विरोध झाला आणि जूनमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला.

डोंगरात

अंतराळातही हा चाकू गेला. १९९५ साली ‘मीर’ स्थानकाशी जोडणी झाल्यावर घट्ट बांधून ठेवलेले दार उघडायला कॅनडाचे अंतराळवीर ख्रिस हॅडफील्ड यांनी तो वापरल्याचे त्यांनीच सांगितले आहे. आपले किल्ले इतके उंच नाहीत, पण तिथलाही अनुभव सांगतो की या चाकूतले सर्वांत मोठे पाते सर्वांत कमी धाडसाचे काम करते. ते काकडी चिरते, दोरी कापते. करवंदीच्या जाळीतून गेल्यावर रुतलेला काटा चिमटा काढतो. चिकटपट्टी कात्री कापते. सॅकचा तुटलेला पट्टा शिवायला आधी आरी भोक पाडते. बाळगणाऱ्याने दोनच पथ्ये सांभाळावीत. धार स्वतःपासून दूर चालवावी, आणि पात्याच्या टोकाने काहीही उचकटू नये, त्यासाठी पेचकस आहे. विमानाने जायचे तर तो मोठ्या सामानात टाकावा.

२०२४ साली व्हिक्टोरिनॉक्सचे प्रमुख, एल्सनर घराण्याच्या चौथ्या पिढीचे कार्ल एल्सनर, यांनी पाते नसलेल्या खिसा-अवजारावर काम चालू असल्याचे सांगितले. निरनिराळ्या देशांतले वाढते निर्बंध हे त्याचे कारण. म्हणजे नावातला ‘नाइफ’ हा शब्दही आता गळू शकतो.

त्यात हळहळण्यासारखे किती आहे? १८९० च्या सैन्याला पाते हवे होते, पण त्याहून नवी गरज होती डब्याची आणि पेचकसाची. पात्यावाचूनही ही वस्तू बरीच कामे करील. गमावू ती गोष्ट वेगळी आहे. धारदार वस्तू खिशात ठेवून माणूस शेजाऱ्याजवळ निर्धास्त बसतो आणि शेजारीही निर्धास्त असतो, हा विश्वास त्या लहानशा पात्यावर तोललेला होता. तो विश्वास एल्सनरच्या कार्यशाळेत घडला नव्हता. तो खेड्यातल्या, शेतातल्या, कारखान्यातल्या रोजच्या कामातून घडला होता, जिथे हत्यार म्हणजे आधी काम. म्हणून खंडेनवमीच्या पाटावर एखाद्या घरी हा लाल चाकूही ठेवलेला दिसला, तर ती जागा त्याला अगदी योग्य आहे.