हौद, हाटेल आणि गावाचं मत

इतिहासाच्या पुस्तकात राजे असतात, लढाया असतात, तह असतात. त्यात पाणी नसतं, चहा नसतो. कुणी कुणाच्या हातचं खाल्लं आणि कुणी ताट सरकवून उठून गेलं, हे तर नसतंच नसतं. पण आपल्या माणसाचा इतिहास तिथंच घडलाय. विहिरीच्या काठावर, हाटेलाच्या बाकड्यावर, घाटाच्या पायरीवर. म्हणून कोल्हापूरचा इतिहास मी गादीपासून सांगत नाही. पाण्यापासून सांगतो.

गावाचं मत म्हणून एक चीज असते. ती कुठं लिहिलेली नसते. तिच्यावर कुणाचा शिक्का नसतो. पण ती कायद्यापेक्षा चिवट असते. कायदा मोडला तर फौजदार येतो, मत मोडलं तर सगळं गाव येतं. कोल्हापूर हे एवढंसं संस्थानी शहर. अंबाबाईचं देऊळ, पंचगंगेचा घाट, पेठा, तालमी. ह्या शहराचं मत किती जोरकस होतं, ते पहिल्यांदा कुणाला कळलं असेल तर ते खुद्द राजाला.

१८९९ च्या सुमाराची गोष्ट. शाहू महाराज कार्तिकात पंचगंगेवर स्नानाला जात. मंत्र म्हणणारा भट पुराणोक्त मंत्र म्हणायचा, म्हणजे शूद्राला म्हणायचे ते. वेद तुमच्यासाठी नाहीत, असा त्याचा अर्थ. गादी राजाची, हत्ती राजाचे, भटाचं इनामही राजानं दिलेलं. तरी राजा शूद्र! हेच वेदोक्त प्रकरण. पुण्याच्या टिळकांनी १९०१ साली ‘केसरी’तून ह्या प्रकरणात वेदोक्ताच्या मागणीविरुद्ध लिहिलं. शेवटी महाराजांनी राजोपाध्यांची इनामं काढून घेतली. गावाचं मत म्हणजे नुसतं मत नसतं, त्याच्या खाली जमीन असते, इनाम असतं, पगार असतो, हे राजाला तिथं उमगलं असावं.

पगाराचं बघा. १८९४ साली महाराजांच्या हातात कारभार आला तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांत ६० ब्राह्मण होते. बाकी सगळ्या जातींचे मिळून ११. अशा दरबारात गावाचं मत कुणाचं असणार, ते सांगायला पंडित लागत नाही. २६ जुलै १९०२ ला महाराजांनी हुकूम काढला. इथून पुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. आज जो तो आरक्षणावर तोंड वाजवतो. त्याला ही तारीख सांगा.

पण मित्रांनो, इथंच थांबू नका. नोकरीत घेतलं म्हणून पाण्याला शिवू दिलं, असं होत नाही. ह्याचा पुरावा गंगाराम कांबळे.

गंगाराम हा आपला माणूस. महाराजांच्याच पागेत नोकर. राजाच्या घोड्याला हात लावायची त्याला मुभा होती. राजाच्या हौदाला नव्हती. एके दिवशी त्यानं सवर्ण नोकरांच्या हौदातलं पाणी घेतलं. बरोबरच्या नोकरांनी त्याला बेदम मारलं. विचार करा, त्याच हौदाच्या आजूबाजूला घोडी पाणी पीत होती. जनावराच्या तोंडानं पाणी बाटत नव्हतं, माणसाच्या हातानं बाटत होतं! महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परत आल्यावर गंगारामनं गाऱ्हाणं घातलं. महाराज भडकले. मारणाऱ्यांना शिक्षा झाली, आणि गंगारामला नोकरीतून मोकळा करून स्वतःचा धंदा काढायला पैसे मिळाले. त्यानं भाऊसिंगजी रोडवर चहाचं हाटेल काढलं. नाव ठेवलं ‘सत्यसुधारक’.

ही गोष्ट आपल्याला शाळेत सांगतात ती अशी की राजा दयाळू होता. होता, त्यात वाद नाही. पण माझं म्हणणं वेगळं आहे. ह्या गोष्टीत पहिलं काम राजानं केलेलं नाही, गंगारामनं केलंय. हौदाला हात गंगारामनं लावला. मार खाल्ल्यावर तोंड दाबून बसला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. त्यानं गाऱ्हाणं नेलं, तेही ज्यांनी मारलं त्यांच्याच गावात उद्या परत राहायचंय हे माहीत असून. आणि मग भर रस्त्यावर हाटेलाची पाटी लावली. राजा येऊन चहा पिऊन जाणार, घटकाभर. चुलीपुढं दिवसभर बसणार गंगाराम. रिकाम्या बाकड्यांकडं बघत बसणार तोच.

आणि धंदा कुठला, तर चहाचा! ह्यातली गंमत ओळखा. हौदाला शिवणं म्हणजे त्यांचं पाणी आपण घेणं. हाटेल काढणं म्हणजे आपलं पाणी त्यांनी घेणं. पहिल्यात ते म्हणू शकतात, दया केली. दुसऱ्यात दयेचा प्रश्नच नाही. पैसे टाका, कप उचला, ओठाला लावा. अस्पृश्याच्या हातचं पाणी पोटात गेलं की मनूचं काय उरलं? म्हणून गावानं त्या हाटेलाकडं पाठ फिरवली.

तेव्हा महाराज स्वतः त्या हाटेलाशी गाडी थांबवू लागले. गंगारामच्या हातचा चहा स्वतः प्यायचे, बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. कोल्हापुरात अजून सांगतात, कुणाला सही पाहिजे असली की महाराज त्याला त्या हाटेलातच गाठ म्हणायचे. सही पाहिजे तर आधी चहा. सहीसाठी चहा प्यालेला माणूस घरी जाऊन अंघोळ करत असेल का? कुणी केलीही असेल. पण चारचौघांत तो कप ओठाला लागला, हे सगळ्यांनी बघितलं. आता दुसऱ्याला बोलायला त्याचं तोंड उरलं नाही.

त्याच वर्षांत कागदावरही झपाट्यानं कामं होत होती. १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. १९१८ ला महार वतन रद्द, रोजची हजेरी रद्द. १९१९ ला हुकूम निघाले की दवाखाना, शाळा, धर्मशाळा, पाणवठा, कुठंच अस्पृश्य म्हणून भेद करायचा नाही. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद, सगळी पोरं एका शाळेत. १९२० ला वेठबिगार बंद. हे हुकूम आपण पाठ केले पाहिजेत. पण नुसत्या हुकमानं काय होतं, ते बघायला महाडला चला.

१९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर! तीन वर्षं त्या कागदानं कुणाची तहान भागली नाही. गावाचं मत काठावर काठी घेऊन उभं होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन गेले आणि पाणी प्याले तेव्हा तळं खुलं झालं. त्याच दिवशी आपल्या लोकांची डोकी फुटली. मग तळं शेणा-गोमूत्रानं ‘शुद्ध’ केलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठरावच मागं घेतला. हायकोर्टाचा शेवटचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं.

कोल्हापुरात हुकमाच्या मागं राजा होता. महाडला राजा नव्हता, लोक होते. आणि लोक व्हायला शिकवलं ते माणगावनं. हे माणगाव आमच्या इचलकरंजीहून सायकलीनं जायच्या अंतरावर आहे. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथं बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष २८ वर्षांचे डॉ. आंबेडकर. ‘मूकनायक’ सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्याला अडीच हजार रुपयांची मदत शाहू महाराजांनीच केलेली. महाराज दुसऱ्या दिवशी परिषदेला आले आणि उघड सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी सापडला. एका राजानं शे-दीडशे हुकमांपेक्षा मोठं काम त्या एका वाक्यात केलं. तुमच्यासाठी मी आहे, असं तो म्हणाला नाही. तुमच्यातलाच माणूस दाखवून बाजूला झाला. ६ मे १९२२ ला महाराज गेले. राजा गेला की हुकूम पोरका होतो. पुढारी आणि संघटना मागं राहिली म्हणून १९२७ घडलं.

आता घटना काढून कलम १५ वाचा. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, ह्या जागी जातीवरून कुणाला अडवायचं नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चकित झालो. देशाच्या घटनेत हाटेल! पण कोल्हापूरचा घाट, गंगारामचा हौद, गंगारामचं हाटेल आठवा, म्हणजे ती यादी कुठल्या जखमांवरून उतरलीय ते कळतं. ती घटना २६ जानेवारी १९५० ला अमलात आली. त्याच वर्षी ९ डिसेंबरला भाई माधवराव बागलांनी बिंदू चौकात फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा उभा केला, बाबासाहेब हयात असताना. कोल्हापूरनं हेही केलंय. ते नाकारायचं कारण नाही.

पण मत एकदा बदललं की बदललेलंच राहतं, ह्या भ्रमात राहू नका. ६ मे २०२२ ला महाराजांच्या स्मृतिशताब्दीला हे शहर शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभं राहिलं. पुढच्याच वर्षी ७ जूनला, मोबाईलवरच्या स्टेटसवरून, ह्याच शहरात दगड पडले, लाठ्या चालल्या, इंटरनेट बंद करावं लागलं. पूर्वी मत घाटावर बनायचं, आता खिशात बनतं. सूतगिरणीत पाळी सुटली की आम्ही सगळे एकाच टपरीवर चहा पितो, जात कुणी विचारत नाय. पण त्याच चहावाल्याच्या गल्लीत खोली बघायला जा. भाडं राहिलं बाजूला, आधी आडनाव. चहापर्यंत आलोय, उंबऱ्यापर्यंत नाही.

म्हणून एक काम करा. जयंतीला डीजे लावणारच असाल तर लावा. पण त्याआधी आपापल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांपुढं वही घेऊन बसा. कुठली विहीर, कुणाचं हाटेल, कुणाची कपबशी बाहेर वळचणीला ठेवलेली, पहिल्यांदा आत जाऊन कोण बसला, कुणी मार खाल्ला, साल कुठलं. सगळं लिहून घ्या, नावानिशी. प्रत्येक गावात एक तरी गंगाराम असणार. त्याच्या हाटेलात राजा आला नसेल, म्हणून त्याची गोष्ट कुणी सांगितली नाही. ती आपण सांगायची. म्हातारी माणसं वाट बघत थांबणार नाहीत.

जय भीम.