तीन गुणांनी हरलेली ठासणीची बंदूक

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली जर्मनीत म्युनिकला जाऊन नेमबाजीत जगज्जेत्या झाल्या, हे आपल्या गटांतल्या पोरींना पाठ आहे. पण बंदूक घेऊन समुद्रापार सामन्याला जायची रीत जुनी आहे. आज आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची, आणि तीही ठासणीच्या बंदुकीची.

ठासणीची बंदूक म्हणजे काय, हे कोकणातल्या बायांना सांगायला नको. रानडुकरांपासून शेत राखायला तिकडे ती परवान्यावर असते. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी टाकायची, गजाने ठासायची, मागे केप बसवायची आणि मग बार काढायचा. दुसऱ्या बाराला पुन्हा सगळं पहिल्यापासून. १८५७ साली शिपायांना काडतूस दातांनी फोडायला सांगितलं जायचं, ते यासाठीच. त्यांच्या एन्फिल्ड बंदुका ठासणीच्याच होत्या आणि कागदातली दारू नळीत ओतावी लागे.

आता आयर्लंडकडे वळू. आपल्यासारखाच तोही देश तेव्हा इंग्रजांच्या राज्यात होता. १८७३ साली तिथल्या नेमबाजांनी इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या संघांना हरवून एल्को शील्ड जिंकली. हुरूप आला. त्यांचे पुढारी मेजर लीच यांनी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रातून अमेरिकेला आव्हान दिलं. ते स्वीकारलं एका नव्या, लहानशा क्लबाने. तिथल्या लोकांना इतक्या लांबच्या नेमाचा सराव फारसा नव्हता. मग रेमिंग्टन आणि शार्प्स या बंदूक कारखान्यांनी त्यांच्यासाठी खास बंदुका तयार केल्या. त्या मागून भरायच्या. निजल्या जागी काडतूस सरकवलं की झालं.

आयरिश संघ जहाजाने अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला उतरला. बटाट्याचं पीक सडून आयर्लंडात दुष्काळ पडला होता, तेव्हा देश सोडलेली कितीतरी आयरिश कुटुंबं त्या शहरात राहत होती. पाहुण्यांकडे ठासणीच्या बंदुका होत्या, डब्लिनच्या रिग्बी यांच्या कारखान्यातल्या. आणि खुद्द जॉन रिग्बी संघात होते! स्वतः घडवलेली वस्तू घेऊन स्वतःच परक्या देशात परीक्षेला बसायचं, हे आम्हाला फार भावलं.

२६ सप्टेंबर १८७४. न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरचं मैदान, बघायला हजारो माणसं. दोन्हीकडे सहा-सहा नेमबाज. ८००, ९०० आणि १००० यार्ड अशी तीन अंतरं, प्रत्येक अंतरावर माणशी १५ गोळ्या. हजार यार्ड म्हणजे किलोमीटरला थोडंच कमी. तेवढ्या लांबून ३ फुटांचा चौकोन टिपायचा. तो टिपला की ४ गुण.

गटाची वही लिहिणाऱ्या बायांनी आता कान द्या. ८०० यार्डांवर अमेरिका ३२६, आयर्लंड ३१७. ९०० वर अमेरिका ३१०, आयर्लंड ३१२. १००० वर अमेरिका २९८, आयर्लंड ३०२. बेरीज करा. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१.

म्हणजे तीनपैकी दोन अंतरांवर, तीही लांबच्या, ठासणीची बंदूक पुढे होती. मग हरली कशी? आयरिश संघातल्या मिलनर यांची एक गोळी अगदी मधोमध लागली, पण शेजारच्या लक्ष्यावर. गुण शून्य. तेच आपल्या लक्ष्यावर लागलं असतं तर ४ मिळाले असते, आणि हार झाली ३ गुणांची.

शेवटची गोळी अमेरिकेच्या कर्नल बोडाईन यांची होती. तेव्हा आयर्लंड एका गुणाने पुढे होतं. थोड्याच वेळापूर्वी जिंजर बियरची बाटली फुटून बोडाईन यांचा हात कापला होता. त्यांनी रुमाल गुंडाळला, आडवे झाले आणि ४ गुणांचा नेम साधला.

मागून भरायच्या बंदुकीने जुनी बंदूक हरवली, असं या सामन्याबद्दल सांगतात. आमचं मत वेगळं आहे. त्या दिवशीचा हिशेब तसं म्हणत नाही. पुढच्या वर्षीचं मात्र कबूल करायला हवं. १८७५ मध्ये अमेरिकन संघ आयर्लंडला गेला आणि डॉलीमाउंटला ९६७ विरुद्ध ९२९ असा सरळ जिंकला. तिथे कोणाची गोळी चुकली म्हणायला जागा नाही. पुढे ठासणीची बंदूक अशा मोठ्या सामन्यांतून मागे पडली.

आणि बायका कुठे होत्या? १८६० साली विंबल्डनच्या पहिल्या स्पर्धेचा पहिला बार व्हिक्टोरिया राणीने काढला. बंदूक ठासणीचीच, व्हिटवर्थची. पण ती आधीच नेम धरून घोडीवर घट्ट बसवलेली. राणीने फक्त रेशमी दोरी ओढली, आणि गोळी जवळजवळ मधोमध लागली. कौतुक राणीचं झालं, नेम धरणाऱ्याचं नाव कोण विचारतो!

१९७१ पासून ठासणीच्या बंदुकांचे आंतरराष्ट्रीय सामने पुन्हा होऊ लागले. देशोदेशींचे हौशी लोक जुन्या किंवा जुन्या नमुन्याच्या बंदुका घेऊन जातात. त्यात १०० मीटरची वाल्किरी नावाची स्पर्धा खास बायकांची आहे. दारू ओतायची, गोळी ठासायची, नेम धरायचा, सगळं तिनेच. अर्ध्या तासात १३ गोळ्या, त्यातल्या चांगल्या १० मोजतात, उरलेल्या ३ सोडून देतात.