जाहिरात निघाली नाही, तरी कंपनीत अर्ज कसा करायचा? वाळूज, शेंद्रा एमआयडीसीत काम शोधणाऱ्यांसाठी माहिती

आयटीआय झालं, निकालही लागला, आणि आता 'भरती कधी निघणार' म्हणून वाट बघत बसलेली पोरं पैठण, गंगापूर, फुलंब्रीच्या गावागावांत आहेत. सरकारी नोकरीसाठी वाट बघावीच लागते. तलाठी असो की पोलीस, जाहिरात येण्याआधी पाठवलेल्या अर्जाला तिथे किंमत नाही. खासगी कंपनीचं तसं नाही. लहान कारखान्यात माणूस कमी पडला की बरेचदा जाहिरात देतच नाहीत. सुपरवायझर ओळखीत विचारतो, नाहीतर आधी आलेले अर्ज चाळतो. तुमचा अर्ज त्या गठ्ठ्यात असला पाहिजे, एवढंच.

कुणाला पाठवायचा?

मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर 'करिअर' नावाचं पान असतं, तिथे माहिती भरा. गेटवर वॉचमनजवळ दिलेला कागद अशा ठिकाणी आत पोचेलच असं नाही. खरी संधी आहे ती गाड्यांच्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मध्यम कारखान्यांत. गुगल मॅपवर वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा एमआयडीसी उघडा, तुमच्या ट्रेडचं काम कुठे चालतं ते बघा आणि वीस-पंचवीस नावं वहीत लिहून काढा. फोन लावून एकच विचारा: "अर्ज कुणाच्या नावाने आणि कुठे पाठवू?" लहान ठिकाणी एचआर वेगळा नसतो, मालक किंवा प्लांट मॅनेजरच माणूस घेतो.

अर्जात काय लिहायचं?

एक पान पुरे. वडिलांचं पूर्ण नाव, धर्म, छंद, 'मी प्रामाणिक व कष्टाळू आहे' हे सगळं गाळलं तरी चालतं. समोरच्याला बघायचं असतं ते हे, की तुम्हाला कोणतं मशीन येतं, कधीपासून येऊ शकता आणि रोज येणार कसे. नमुना असा:

"मा. व्यवस्थापक, आपल्याकडे टर्नरची जागा असल्यास किंवा पुढे निघाल्यास माझा विचार व्हावा. मी 2024 मध्ये टर्नर ट्रेडचा आयटीआय पास झालो. लेथ चालवता येतं, व्हर्नियर व मायक्रोमीटरने मोजमाप करता येतं, ड्रॉइंग वाचता येतं. तिन्ही शिफ्टला तयार आहे. राहणार बिडकीन, स्वतःची मोटारसायकल आहे. आठ दिवसांत हजर होऊ शकतो." खाली नाव आणि चालू असलेला मोबाइल नंबर.

जे येत नाही ते लिहू नका. सीएनसी येतं म्हणून लिहिलं तर मशीनसमोरच उभं करतात, तिथे पाच मिनिटांत कळतं.

ईमेल करताना विषयाच्या जागी 'नोकरीसाठी अर्ज – टर्नर, आयटीआय 2024' असं लिहा. बायोडाटा पीडीएफ करा, फाइलला स्वतःचं नाव द्या. चादरीवर कागद ठेवून काढलेले तिरके फोटो कुणी उघडत नाही. एकाच मेलमध्ये तीस कंपन्यांचे पत्ते टाकायचे नाहीत, प्रत्येकीला वेगळा मेल. आठ-दहा दिवसांनी एकदा फोन करा. रोज केला तर नंबर ब्लॉक होतो.

अप्रेंटिसचं विचारायला विसरू नका

कायम नोकरी नसली तरी शिकाऊ उमेदवाराची जागा असू शकते. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. त्यामुळे अर्जात 'अप्रेंटिस म्हणूनही तयार आहे' हे वाक्य टाकाच. केंद्राच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर आधी नोंदणी करून तो नंबरही लिहिला, तर कंपनीचं काम सोपं होतं. ठरावीक विद्यावेतन मिळतं, आणि वर्षभर मशीनवर हात बसतो तो फायदा वेगळाच.

पैसे मागितले की समजून घ्या

पहिल्या अर्जासोबत आधार, पॅन, बँक पासबुक यातलं काहीच पाठवायचं नाही. 'तुमचा अर्ज मंजूर झाला, गणवेशाचे दोन हजार भरा' असा फोन आला तर ती फसवणूक आहे. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब 1930 वर तक्रार नोंदवा, जितका उशीर तितकं पैसे अडवणं अवघड.

बरेचदा बोलावणं कंपनीकडून नाही, ठेकेदाराकडून येतं. त्यात वाईट काही नाही, पण पगार कोण देणार, किती तारखेला, पीएफ कापणार का आणि ओव्हरटाइमचा हिशोब कसा, हे पहिल्याच दिवशी विचारा. मुलींनी रात्रपाळी आहे का आणि कंपनीची बस कुठपर्यंत येते तेही विचारावं.

बोलावलं तर वेळेआधी पोचा. जायच्या आधी त्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी आहे ते फोनवर विचारून घ्या, एमआयडीसीत सगळीकडे रविवारच असतो असं नाही. मूळ कागदपत्रं दाखवायला न्या, झेरॉक्स द्या आणि मूळ परत घेऊनच गेटबाहेर पडा.